४२ परीक्षा देणारे श्रीकांत जिचकार कार अपघातात गेले, तेव्हा आपल्या गाड्यांमध्ये काय होतं आणि काय नव्हतं?

वर्षातून दोनदा तरी तो मेसेज तुमच्या व्हॉट्सॲपवर येतोच. भारतातला सगळ्यात जास्त शिकलेला माणूस कोण? खाली फोटो. मग पदव्यांची लांबलचक यादी. एमबीबीएस, एमडी, एलएलबी, एलएलएम, एमबीए, एमए, पुन्हा एमए, परत एमए. मध्येच कुठंतरी आयपीएस आणि आयएएस. नाव डॉ. श्रीकांत जिचकार. आणि सगळ्यात शेवटी, जागा उरली म्हणून टाकल्यासारखी एक ओळ असते. २००४ साली कार अपघातात निधन.

आपण हात जोडलेला इमोजी टाकतो आणि मेसेज फॅमिली ग्रुपवर ढकलतो. सोबत अभ्यास न करणाऱ्या एखाद्या भाच्याला टॅग.

आज त्या शेवटच्या ओळीबद्दल बोलायचंय. पण आधी माणूस नीट समजून घेऊ, कारण त्या मेसेजमध्ये त्याच्याबद्दलही थोडा गोंधळ असतोच.

जिचकारांचा जन्म १४ सप्टेंबर १९५४ चा. गाव आजनगाव, तालुका काटोल, जिल्हा नागपूर. काटोल म्हणजे संत्र्याचा पट्टा. मुलगा हुशार निघाला की त्यानं डॉक्टर व्हावं, ही त्या काळातली कुठल्याही घरातली अपेक्षा. तसे ते झालेही. नागपुरात एमबीबीएस केलं, मग एमडी केलं. बहुतेक लोक इथं थांबतात, दवाखाना टाकतात, पाटी लावतात. जिचकार थांबले नाहीत.

१९७३ ते १९९० या काळात ते दर उन्हाळ्यात आणि दर हिवाळ्यात विद्यापीठाच्या कुठल्या ना कुठल्या परीक्षेला बसत राहिले. अशा एकूण ४२ परीक्षा त्यांनी दिल्या. इथंच व्हायरल मेसेज घसरतो. त्यात ४२ पदव्या लिहिलेल्या असतात. पदव्या ४२ नव्हत्या, परीक्षा ४२ होत्या. पदव्यांचा आकडा २० सांगितला जातो, आणि तोही काही कमी नाही. कायद्यात एलएलबी आणि आंतरराष्ट्रीय कायद्यात एलएलएम, व्यवस्थापनात एमबीए, पत्रकारितेची पदवी. एमए तर दहा विषयांत, त्यात समाजशास्त्र, अर्थशास्त्र, इतिहास, राज्यशास्त्र, तत्त्वज्ञान, मानसशास्त्र, इंग्रजी साहित्य आणि संस्कृतसुद्धा. संस्कृतमध्ये पुढं डी.लिट. बऱ्याच परीक्षांत पहिला वर्ग, कित्येक सुवर्णपदकं. मी मास कम्युनिकेशनची एकच पदवी घेताना दोनदा बॅकलॉग सोडवलाय, त्यामुळे यावर जास्त काही बोलत नाही.

हे सगळं चालू असताना माणूस नुसता अभ्यासिकेत बसून नव्हता, हे जास्त भारी आहे. १९७८ मध्ये त्यांची आयपीएससाठी निवड झाली. ती नोकरी सोडली. पुन्हा परीक्षा दिली, १९८० मध्ये आयएएस मिळालं. तेही काही महिन्यांत सोडलं आणि त्याच वर्षी काटोलमधून विधानसभेची निवडणूक लढवून जिंकली. वय २५. ज्या वयात आपल्यातले बरेचजण पुण्यात स्पर्धा परीक्षेचा दुसरा की तिसरा अटेम्प्ट यावर घरच्यांशी वाद घालत असतात, त्या वयात हा माणूस दोन केंद्रीय सेवा सोडून आमदार झाला होता.

पुढं मंत्री झाले तेव्हा त्यांच्याकडं १४ खाती होती. मग विधान परिषद, आणि १९९२ ते १९९८ राज्यसभा. नागपुरात सांदिपनी नावाची शाळा काढली. घरात स्वतःचं ग्रंथालय, त्यात सुमारे ५२ हजार पुस्तकं असल्याचं सांगतात. चित्रं काढायचे, फोटोग्राफी करायचे, रंगमंचावर उभे राहायचे. वैदिक परंपरेनुसार अग्निहोत्र घेतलेले आहिताग्नी होते. एका माणसाच्या बायोडेटात हे सगळं मावतं, यावर विश्वास बसायला थोडा वेळ लागतो.

गोंदियाशी त्यांचा संबंध निवडणुकीतून आला. १ मे १९९९ ला भंडारा जिल्ह्याचं विभाजन होऊन गोंदिया जिल्हा झाला. त्यानंतर चार-पाच महिन्यांतच लोकसभेची निवडणूक लागली. भंडारा मतदारसंघातून काँग्रेसनं जिचकारांना उभं केलं आणि ते हरले, भाजपचे चुन्नीलाल ठाकूर निवडून आले. जिल्हा नवा, रस्ते जुने, आणि मतदारसंघ हा एवढा मोठा. प्रचार म्हणजे काय, तर गाडीत बसून राहणं. सकाळी इकडं, दुपारी तिकडं, रात्री नागपूर. आजही आमच्याकडं राजकारणी असो, औषध कंपनीचा एमआर असो की वरातीतला मामा असो, आयुष्याचा बराचसा भाग रस्त्यावरच जातो.

आता अजून एक गोष्ट, जी त्या मेसेजमध्ये नसते पण तुमच्या घरात बहुतेक पोचलेली असते. ते दोन वेळा जेवायचं, ५५ मिनिटांत संपवायचं आणि मधे काही खायचं नाही, ते डाएट. महाराष्ट्र त्याला दीक्षित डाएट म्हणून ओळखतो. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी ते घराघरात नेलं, पण मूळ विचार डॉ. जिचकारांच्या व्याख्यानातून मिळाला हे ते स्वतः जाहीरपणे सांगतात. जिचकार या विषयावर तासन् तास बोलायचे. आजार झाल्यावर औषध शोधण्यापेक्षा आजार होऊच न देणं त्यांना महत्त्वाचं वाटायचं. हा मुद्दा जरा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

२००४ च्या लोकसभेला ते रामटेकमधून उभे राहिले. शिवसेनेचे सुबोध मोहिते जिंकले, जिचकार थोडक्यात हरले. निकाल लागला १३ मे ला. त्यानंतर तीन आठवडेही झाले नव्हते. २ जून २००४ ला नागपूरपासून साधारण ६० किलोमीटरवर, कोंढाळीजवळ त्यांच्या कारला अपघात झाला आणि त्यात ते गेले. वय ४९. कोंढाळी काटोल तालुक्यातच येतं. ज्या भागानं त्यांना पंचविसाव्या वर्षी आमदार केलं, त्याच भागातला हा रस्ता.

रस्ता होता राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६. सुरतेकडून येतो, धुळे, अकोला, अमरावती करत कोंढाळीवरून नागपूरला पोचतो आणि नागपूर सोडून तसाच पुढं भंडारा, साकोली, मग आमच्या जिल्ह्यातलं कोहमारा, देवरी, आणि छत्तीसगडमधून थेट कोलकात्याकडं. आता त्याला ५३ नंबर दिलाय, पण देवरीच्या ढाब्यावर अजूनही एनएच सिक्सच म्हणतात. म्हणजे जिचकार ज्या रस्त्यावर गेले, त्याच रस्त्यावरून आम्ही नागपूरला जातो. दवाखान्यात, लग्नाच्या बस्त्याला, एअरपोर्टला.

त्या एका अपघातात चूक कुणाची होती, याचा निवाडा करायला हा लेख नाही. आपल्याला बघायचंय ते २००४ साल. त्या साली आपल्याकडं कारमध्ये बसलेला माणूस, मग तो २० पदव्यांचा असो की दहावी नापास, नेमका कशाच्या भरवशावर बसलेला असायचा?

तेव्हाच्या रस्त्यावरच्या गाड्या आठवा. मारुती ८०० अजून जोरात होती. अँबेसिडर सरकारी पोर्चमध्ये होती. पुढच्या सीटना बेल्ट देणं नव्या गाड्यांना १९९४ पासून बंधनकारक झालं होतं आणि मागच्या सीटना २००२ पासून. म्हणजे २००४ मध्ये रस्त्यावर धावणाऱ्या बहुतेक गाड्यांच्या मागच्या सीटला बेल्ट नव्हताच. एअरबॅग सक्तीची नव्हती, ती महागड्या गाड्यांत मिळायची. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, तीही तशीच. आणि आपल्याकडं विकली जाणारी कार ठोकून बघून तिला स्टार देणारं तेव्हा कुणी नव्हतं. शोरूममध्ये लोक विचारायचे ॲव्हरेज किती देते. गाडी ठोकली तर काय होतं, हा प्रश्न अपशकुनी होता.

बरं, जगात तेव्हा हे ज्ञान नव्हतं असंही नाही. चांगलं पंचेचाळीस वर्षं जुनं होतं.

निल्स बोलिन नावाचा स्वीडिश इंजिनिअर होता. आधी तो साब कंपनीत लढाऊ विमानांच्या इजेक्शन सीटवर काम करायचा. विमानातून पायलटला खुर्चीसकट बाहेर फेकताना त्याचं शरीर कसं बांधून ठेवायचं, हे त्याचं डोकं. १९५८ मध्ये तो व्हॉल्वोत आला. तेव्हा गाड्यांमध्ये पट्टा असलाच तर नुसता कमरेवरचा असायचा, विमानात असतो तसा. धडक बसली की वरचं धड पुढं फेकलं जायचं आणि पट्टा पोटात रुतायचा. बोलिननं एक पट्टा खांद्यावरून छातीवर तिरका आणि एक कमरेवरून घेतला, दोन्ही कंबरेच्या बाजूला एका क्लिपमध्ये अडकवले. एका हातानं लागतो, एका बोटानं निघतो. १९५९ पासून व्हॉल्वोच्या गाड्यांत तो आला आणि कंपनीनं त्याचं पेटंट बाकीच्या कार कंपन्यांनाही वापरू दिलं. आज तुमच्या ऑल्टोत, बोलेरोत, थारमध्ये जो पट्टा आहे तो हाच.

हा पट्टा करतो काय? समजा तुम्ही ताशी ६० च्या वेगानं चाललाय. आपल्याला वाटतं गाडी ६० नं चाललीय. पण आत बसलेले तुम्हीही ६० नंच चाललेले असता. गाडी झाडाला धडकून थांबते, तुम्ही थांबत नाही. तुम्ही त्याच वेगानं स्टेअरिंगवर, काचेवर किंवा समोरच्या सीटवर जाऊन आदळता. ताशी ६० च्या वेगानं आदळणं म्हणजे जवळजवळ १४ मीटर उंचीवरून खाली पडणं. चार मजली इमारतीच्या गच्चीवरून. हातानं डॅशबोर्ड धरून किंवा मुलाला मांडीवर घट्ट पकडून हे अडवता येईल असं ज्यांना वाटतं, त्यांनी चौथ्या मजल्यावरून पडणारं पोतं झेलण्याचा विचार करून बघावा. बेल्ट तुम्हाला गाडीशी बांधतो, त्यामुळे गाडी जशी थांबते तसे तुम्ही थांबता, आणि तो धक्का छाती आणि कंबरेच्या मजबूत हाडांवर वाटला जातो.

पण मग गाडीच एकदम थांबली तर? इथं दुसरा माणूस येतो, बेला बारेनी. मर्सिडीजमधला हा इंजिनिअर. त्याचं म्हणणं तेव्हा लोकांना उलटं वाटलं असणार. गाडीचा पुढचा आणि मागचा भाग मुद्दाम चेपणारा बनवायचा आणि माणसं बसतात तो मधला भाग कडक ठेवायचा. बोनेट चेपतं तेव्हा ते धक्का खात असतं. माणसाला थांबायला काही सेंटिमीटर जास्त मिळतात आणि तेवढ्यावर जीव वाचतो. ही रचना १९५९ मध्ये मर्सिडीजच्या गाडीत आली.

आपल्याकडं आजही काका लोकांचं ठाम मत असतं की जुन्या अँबेसिडरसारखी बॉडी आता होत नाही, आत्ताच्या गाड्या म्हणजे पत्र्याचे डबे, जरा लागलं की चेपतात. काका, चेपायलाच बनवल्यात त्या. अँबेसिडरचा पत्रा जाड होता हे खरं. पण जाड पत्रा चेपत नाही, तेव्हा तो धक्का खात नाही, आतल्या माणसाला पास करतो. गाडी शाबूत राहते आणि माणूस राहत नाही, असे अपघात त्याच काळातले.

आणि तिसरा माणूस डॉक्टर होता. अमेरिकेचा विल्यम हॅडन. साथीच्या रोगांचा अभ्यास करावा तसा त्यानं रस्ते अपघाताचा अभ्यास केला. १९६६ मध्ये अमेरिकेनं रस्ते सुरक्षेसाठी सरकारी यंत्रणा उभी केली तेव्हा तिचा पहिला प्रमुख तोच होता. त्यानं अपघाताचे तीन भाग पाडले. धडकेच्या आधी, धडकेच्या क्षणी आणि धडकेनंतर. आधी म्हणजे रस्ता, वेग, ब्रेक, ड्रायव्हर. क्षणी म्हणजे बेल्ट, एअरबॅग, गाडीची बॉडी. नंतर म्हणजे ॲम्ब्युलन्स आणि दवाखाना. माणूस चुका करणारच हे धरून चालायचं आणि त्या चुकीची शिक्षा मरण नसावी अशी व्यवस्था करायची. मगाशी लक्षात ठेवायला सांगितलेला जिचकारांचा मुद्दा आठवा. आजार होऊ न देण्याबद्दल महाराष्ट्रभर बोलणारा एक एमडी डॉक्टर ज्या गोष्टीनं गेला, त्या गोष्टीकडं आपण तेव्हा आजार म्हणून बघतच नव्हतो. नशीब म्हणून बघत होतो.

हॅडनचे हे तीन भाग २००४ च्या एनएच सिक्सला लावून बघा. आधी, तर दुभाजक नसलेला दुपदरी रस्ता, दोन्हीकडून ट्रक, आणि ओव्हरटेक करायचा म्हणजे समोरच्याच्या लेनमध्ये घुसायचं. क्षणी, तर वर सांगितलेल्या गाड्या. आणि नंतर? १०८ ला फोन लावून बोलवायची ॲम्ब्युलन्स महाराष्ट्रात २०१४ मध्ये आली. त्याआधी जखमी माणूस कुणाच्या तरी जीपमधून किंवा टेम्पोच्या हौद्यातून जायचा, आणि नेणारा माणूस पोलिसांच्या लफड्यात अडकायच्या भीतीनं बऱ्याचदा थांबायचाच नाही. त्या साली देशात रस्ते अपघातात सुमारे ९२ हजार माणसं गेली. जिचकार त्यातले एक होते.

मग बदललं कसं? खरं सांगायचं तर सरकारनं एका दिवशी ठरवलं आणि बदललं असं झालं नाही. धक्के बसत गेले.

मोठा धक्का जानेवारी २०१४ चा. ग्लोबल एनकॅप या संस्थेनं भारतात खपणाऱ्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्या ताशी ६४ किलोमीटरनं ठोकून बघितल्या. पाचही गाड्यांना प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी शून्य स्टार. त्यातली फोक्सवॅगन पोलो आपल्या चाकणला बनायची. एअरबॅग नसलेल्या पोलोला शून्य मिळाले, आणि तीच पोलो दोन एअरबॅग लावून ठोकली तेव्हा चार स्टार. म्हणजे गाडीचा सांगाडा चांगला होता, फक्त एअरबॅग काढून स्वस्तात विकली जात होती. कंपनीनं मग विनाएअरबॅगची पोलो बंद केली.

त्याच वर्षी ३ जूनला, म्हणजे जिचकारांना जाऊन दहा वर्षं आणि एक दिवस झाला तेव्हा, दिल्लीत गोपीनाथ मुंडे गेले. केंद्रात ग्रामविकास मंत्री म्हणून शपथ घेऊन आठवडा झाला होता. सकाळी सकाळी विमानतळाकडं निघाले होते, गाडीत मागच्या सीटवर. एका चौकात दुसऱ्या कारनं बाजूनं धडक दिली. गाडी बाहेरून बघितली तर फार चेपलेली नव्हती, पुढं बसलेला ड्रायव्हर वाचला. मुंडेंना मानेला आणि पोटात जबर मार लागला होता. त्यांनी बेल्ट लावलेला नव्हता, ही गोष्ट नंतर केंद्रातल्या त्यांच्या सहकारी मंत्र्यांनीच जाहीरपणे मांडली. मागं बसणाऱ्यानंही बेल्ट लावायचा असतो, हे महाराष्ट्रात कित्येकांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. नियम तेव्हाही होता, बरं का.

कळलं, पण वळलं नाही. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्रींची मर्सिडीज धडकली. एवढी महागडी गाडी, सगळीकडून एअरबॅग. पुढं बसलेले दोघं वाचले, मागं बसलेले दोघं गेले. मागच्या दोघांनी बेल्ट लावला नसल्याचं पोलिसांनी सांगितलं. इथं एक गोष्ट समजून घ्या. एअरबॅग बेल्टच्या जागी नसते, बेल्टच्या जोडीला असते. ती डोळ्याची पापणी लवायच्या आत, सेकंदाच्या काही शतांश भागात फुगते. तुम्ही बेल्टनं सीटला धरलेले असाल तर ती उशी. बेल्ट नसेल तर तुम्ही आधीच पुढं फेकले गेलेले असता आणि ती तोंडावर बुक्कीसारखी बसते.

या दोन घटनांच्या मधल्या आणि नंतरच्या काळात नियम भराभर आले. २०१७ पासून नव्या मॉडेलना समोरून आणि बाजूनं धडकेची चाचणी पास होणं सक्तीचं झालं. २०१९ मध्ये सगळ्या नव्या कारना एबीएस, ड्रायव्हरची एअरबॅग, बेल्ट न लावल्यास टुंग टुंग वाजणारा अलार्म, आणि वेग वाढला की वाजणारा दुसरा अलार्म. २०२२ उजाडेपर्यंत शेजारच्या सीटलाही एअरबॅग. सहा एअरबॅग सक्तीच्या करायच्या अशी घोषणा झाली होती, ती मागं पडली, पण कंपन्यांनी बऱ्याच गाड्यांत आपणहून सहा द्यायला सुरुवात केली, कारण आता गिऱ्हाईक विचारायला लागलंय. डिसेंबर २०१८ मध्ये टाटा नेक्सॉनला ग्लोबल एनकॅपचे पाच स्टार मिळाले, भारतात बनलेल्या गाडीला पहिल्यांदाच. ती गाडी पुण्याजवळ रांजणगावला बनते. ऑक्टोबर २०२३ पासून तर आपलं स्वतःचं भारत एनकॅप सुरू झालंय. जो प्रश्न अपशकुनी होता, त्याच्यावर आता यूट्यूबवर दोन गाड्यांच्या फॅन लोकांची कमेंटमध्ये भांडणं होतात.

अपघातानंतरचं चित्रही थोडं बदललं. जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याला त्रास देता येणार नाही, यासाठी सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये मार्गदर्शक सूचना लागू केल्या आणि २०१९ च्या दुरुस्तीत ते संरक्षण मोटार वाहन कायद्यातच आलं. तुम्ही ॲम्ब्युलन्स बोलावली, जखमीला पोचवलं, तर नाव सांगायचीसुद्धा सक्ती नाही. हे अजून खूप लोकांना माहीत नाही, म्हणून लिहिलं.

गाड्या सुधारल्या. आकडे मात्र सुधारले नाहीत. २०२२ मध्ये देशात १ लाख ६८ हजार ४९१ माणसं रस्त्यावर गेली. त्यात १६ हजार ७१५ जण असे, ज्यांनी सीट बेल्ट लावला नव्हता. त्यातले निम्मे ड्रायव्हर आणि निम्मे प्रवासी. गाड्या वाढल्या, रस्ते रुंद झाले, वेग वाढला, हे खरंच आहे. आणि कारच्या बाहेरच्या माणसाला, म्हणजे दुचाकीवाल्याला आणि पायी चालणाऱ्याला, तुमच्या सहा एअरबॅगचा काही उपयोग नसतो. बसमधल्यालाही नसतो. २९ नोव्हेंबर २०२४ ला आमच्या गोंदिया-कोहमारा रस्त्यावर सडक अर्जुनी तालुक्यात शिवशाही उलटली, ११ माणसं गेली. ज्या रस्त्यावर मुरदोलीच्या जंगलात बिबट्या दिसला की लोक गाडी थांबवून व्हिडिओ काढतात, तोच हा रस्ता.

आणि आपणही कमी नाही आहोत. अलार्म वाजू नये म्हणून बेल्टच्या खाचेत घालायची नुसती क्लिप बाजारात मिळते. बेल्ट नाही, नुसती क्लिप. ती विकत घेणारा माणूस पैसे देऊन स्वतःला फसवत असतो. गाडी घेतली की आठवड्याभरात पुढं लोखंडी गार्ड बसवायचा, म्हणजे बारेनीनं जो भाग चेपण्यासाठी बनवला तो चेपूच द्यायचा नाही. केंद्रानं २०१७ च्या शेवटी असे गार्ड बेकायदा असल्याचं कळवलं, तरी दिसतातच. जाड सीट कव्हर घालायचं, ज्याच्याखाली मागच्या बेल्टच्या खाचा कायमच्या गडप होतात. आमच्याच घरच्या गाडीत मागच्या बेल्टची क्लिप शोधायला मला मागच्या दिवाळीत वीस मिनिटं लागली. कव्हरखाली, सीटच्या फटीत, दोन रुपयांचं नाणं आणि चिवड्याचे शेंगदाणे यांच्यासोबत सापडली. गाडी सहा वर्षांची आहे. म्हणजे सहा वर्षांत मागं बसलेल्या कुणालाच तिची गरज वाटली नव्हती. आजीला लावून दिला तर तिनं देवरी येईपर्यंत तीनदा विचारलं की मला बांधून कुठं नेताय. साकोलीच्या पुढं झोप लागली, मग विचारलं नाही.

मागच्या सीटवर बेल्ट न लावल्यास आज एक हजार रुपये दंड आहे. पुढच्या सीटसाठीही तेवढाच. नागपुरात कॅमेरा बघून लोक लावतात, शहर सुटलं की काढतात. शहरात वेग ४० असतो आणि हायवेवर १००, हे गणित सोडवायला ४२ परीक्षा द्यायची गरज नाही.

कोंढाळीवरून जाणारा रस्ता नंतर चौपदरी झाला, मध्ये दुभाजक आला. थोडं दक्षिणेला समृद्धी महामार्ग आहे, तो आता गोंदियापर्यंत आणायचं ठरलंय. जिचकारांची जुनी व्याख्यानं यूट्यूबवर आहेत. आवाज थोडा खरखरतो, पण माणूस खुलून बोलतो, मध्येच संस्कृत, मध्येच इन्शुलिन, मध्येच हसणं. समोर बसलेले लोकही हसताना ऐकू येतात. १४ सप्टेंबर २०२४ ला ते सत्तर वर्षांचे झाले असते.